वादी मयत

माझ्या आत्तीला माझ्या वडिलांची जमीन नको होती. हे आधीच सांगून टाकते, कारण कोर्टाच्या कागदात याच्या बरोबर उलट लिहिलेलं आहे. तिथे आत्ती वादी आहे, आबा, म्हणजे माझे वडील, प्रतिवादी आहेत आणि दावा आहे वाटप करून हिश्श्याचा स्वतंत्र कब्जा मिळण्याचा. कोणी तो कागद वाचला तर म्हणेल, म्हातारपणी बहिणीला हाव सुटली. तिला हवं होतं सातबाऱ्यावर स्वतःचं नाव. बाकी काही नाही.

आत्ती थोरली, आबा धाकटे. आबा तिला आक्का म्हणायचे आणि ती त्यांना बापू म्हणायची, ते फौजेतून हवालदार होऊन पेन्शनीत आले तरी. आमचं गाव वाईपासून जवळ, कृष्णेच्या काठचं. ऊस, हळद, पाण्याला कमी नाही. आत्तीला दिली आटपाडीकडे, जिथे पाहुण्याला आधी तांब्याभर पाणी देताना घरातली बाई घागरीकडे बघून घ्यायची. असल्या ओल्या रानातली पोरगी तिकडे नांदली, आणि कधी तक्रार केल्याचं मला आठवत नाही.

आजोबा, म्हणजे या दोघांचे आण्णा, गेले तेव्हा आबा सुट्टीवर आले होते. तेव्हाच्या तलाठ्यानं वारस म्हणून त्यांचं एकट्याचं नाव लावलं. आत्तीला कोणी विचारलं नाही आणि तिच्याही मनात काही आलं नाही, कारण तेव्हाची रीतच तशी. पुढे कितीतरी वर्षांनी, हल्ली उतारे मोबाईलवर निघायला लागल्यावर, तिच्या मुलानं तिला सहज आजोळचा उतारा काढून दाखवला. आत्तीला चार इयत्तांपुरतं वाचता यायचं. तिनं सगळा उतारा वाचला आणि तिला कळलं की आपण त्यात कुठेच नाही.

मग ती आमच्याकडे आली. मे महिना होता, मी सांगलीहून सुट्टीला आले होते. विश्रामबागेतल्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. आई जाऊन बराच काळ झाला होता, त्यामुळे स्वयंपाकघर माझ्या ताब्यात होतं आणि आत्ती लसूण सोलत बसली होती. आबा पाणी प्यायला आत आले तेव्हा ती म्हणाली, "बापू, आण्णांच्या उताऱ्यात माझं नाव न्हाई रं."

आबा हसले. "तुला काय कमी केलं का मी, आक्का? गहू नेतीस, हळद नेतीस. आणि काय पायजे?"

"मला माती नगो. नाव लाव."

"नाव लावलं म्हंजे हिस्सा आला. उद्या तुझा लेक येऊन हुभा ऱ्हाईल."

"त्याला मी बगती. तू नाव लाव. मी त्या घरातली न्हवं व्हय?"

आबांनी तांब्या जरा जोरात ठेवला आणि बाहेर गेले. इथल्या मोठ्या मोठ्या घरांतल्या बहिणी वकिलाच्या एका शब्दावर हक्क सोडून मोकळ्या होतात, आणि भाऊ त्या दिवशी चांगलं जेवण घालतो. आबांना वाटलं होतं आपली आक्कापण त्यातलीच. तसं नाही म्हटल्यावर त्यांना जे वाटलं ते रागापेक्षा अपमानाच्या जवळचं असावं. संध्याकाळी मी भांडायला गेले. म्हटलं, आबा, मी एकुलती एक मुलगी आहे तुमची, म्हणजे माझ्याही बाबतीत तुम्ही हेच म्हणणार का? तर म्हणाले, "तुझं येगळं. तुला कोन अडवतंय?" मला एवढा संताप आला की मी दोन वेळचं जेवण त्यांच्यासमोर ठेवलं आणि बोलले नाही. आत्ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेली. हळद नेली नाही.

पुढे ती विट्याला एका वकिलाकडे गेली, हे मला नंतर कळलं. तिनं त्यांना सांगितलं असणार की नुसतं नाव पाहिजे. वकिलांनी सांगितलं असणार की आजी, एवढ्या वर्षांनी नुसत्या नावाला कोर्टात काही अर्थ नाही, मागायचं तर वाटप मागावं लागतं, आणि जे मागितलं नाही ते कोर्ट देत नाही. ते खोटं बोलले असं मी म्हणणार नाही. पण तिच्या एवढ्याशा मागणीचं पानोपानी वाढलेलं जे काही झालं, त्याखाली तिनं अंगठ्याऐवजी सही केली. आपल्याला सही येते याचा तिला अभिमान होता.

समन्स घेऊन कोर्टाचा बेलीफ आमच्या दारात आला तेव्हा आबा घरात होते. बेलीफानं नाव विचारलं, कागद पुढे केला. आबांनी विचारलं, "कुनाचा?" तो म्हणाला, तुमच्या बहिणीनं दावा लावलाय. आबा म्हणाले, "मग न्हाई घेत." माणसानं समजावलं, की घेतला नाही तरी तारीख चुकत नाही. आबा म्हणाले, "आक्काचा कागद मी सरकारी मानसाच्या हातनं घ्यायचा? तिला म्हनावं, सवता घेऊन ये." त्यांचा हिशेब सरळ होता. कागद घेतला म्हणजे भांडण मान्य केलं. घेतलाच नाही तर भांडण लागलंच नाही. बेलीफानं शेजारच्या दोघांना पंच म्हणून बोलावलं आणि समन्स आमच्या दाराला चिकटवलं. तो गेल्यावर आबांनी ओल्या फडक्यानं ते पुसून काढलं, आणि आपल्या परीनं विषय मिटवला.

शेजारच्या काकूंनी मला फोन केला नसता तर मला कळलंही नसतं. मी मोबाईलवर आबांच्या नावानं केस शोधली. तारीख होऊन गेली होती, प्रतिवादी हजर नाही म्हणून दावा एकतर्फी चालवण्याचा हुकूम झाला होता. मी रजा टाकली, सांगलीहून साताऱ्याची गाडी पकडली, तिथून वाई, आणि घरात पाऊल ठेवताच बापाला असं बोलले की शेजारच्या काकू मध्ये पडल्या.

तालुक्याच्या गावी मी एक वकील गाठले. वयस्कर, सावकाश बोलणारे, कामात पक्के. त्यांनी एकतर्फी हुकूम रद्द करून घेतला आणि आमची बाजू मांडणारी कैफियत दिली. मला त्यांनी सगळं समजावून सांगितलं: आधी दावा, मग समन्स, मग कैफियत, मग कोर्ट वादाचे मुद्दे काढतं, मग साक्षी, उलटतपास, युक्तिवाद, शेवटी निकाल. प्रत्येक गोष्टीला मुदत. एकाचं ऐकल्याशिवाय दुसऱ्याच्या बाजूनं काही करायचं नाही. मी प्रयोगशाळेतली बाई, मला हे पटायला वेळ लागला नाही. अमुक झाल्याशिवाय तमुक नाही, यावरच तर माझं पोट आहे. मी दिवाणी कायद्याचं एक मराठी पुस्तक विकत घेतलं आणि एसटीत वाचायला लागले. खरं सांगते, मला त्या नियमांचं कौतुक वाटलं. कोणीतरी फार विचार करून, दुबळ्यावर अन्याय होऊ नये म्हणून एकेक दार बसवलेलं दिसत होतं.

निघताना वकील आबांना म्हणाले, "एक ध्यानात ठेवा. केस चालू आहे तोवर बहिणीशी बोलू नका. आज बोललेलं उद्या साक्षीत कसं येईल सांगता येत नाही."

आबा खुर्चीतून उठून ताठ उभे राहिले. "बरं सायेब."

असला सल्ला वकील सगळ्यांनाच देतात आणि लोक तो उंबऱ्याबाहेर पडताच विसरतात. कोर्टात भांडणारे भाऊ संध्याकाळी एकाच टपरीवर चहा पितात, मी पाहिलेत. पण हे फौजी माणूस. त्यांनी तो सल्ला हुकूम म्हणूनच घेतला. अंमलाची वेळ संपल्याचं कोणी कळवेपर्यंत ते तो पाळणार होते.

त्यानंतरच्या पहिल्या तारखेला आत्ती आली होती. आटपाडीहून पहाटेच्या गाडीनं निघून, गाड्या बदलत. कोर्टाच्या व्हरांड्यात एका टोकाच्या बाकावर ती, दुसऱ्या टोकाला आम्ही. ती मला बघून हसली आणि मग आबांकडे बघून मोठ्यानं म्हणाली, "बापू, बारीक झालास रं."

आबा समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. थोड्या वेळानं मला म्हणाले, "तिला सांग, बारीक न्हाई झालो. हाय तसाच हाय."

मी तिथूनच सांगितलं. ती म्हणाली, "त्याला म्हनावं, रातचं जेवत न्हाईस जनू."

"तिला सांग, पोरगी सांगलीला असती, एकट्याला कोन रांदतंय."

"त्याला म्हनावं, भाकरी आनल्यात. खाशील?"

मला हसूही येत होतं आणि रडूही. एवढ्यात आमचे वकील आले, त्यांनी हे ऐकलं आणि डोळे वटारले. "ताई, तुमच्यामार्फतसुद्धा नाही. बोलणं ते बोलणंच." आबांनी मान हलवली. भाकरीचं गाठोडं तिकडेच राहिलं. त्यानंतर त्या व्हरांड्यात बहीणभावांत शब्द झाला नाही.

वकील दर वेळी सांगायचे, तुम्ही यायची गरज नाही, मी तारीख सांभाळतो. आबा एकही तारीख चुकवत नसत. आदल्या दिवशी इस्त्री, सकाळी दाढी. मला आधी वाटलं, कोर्टाचा मान. मग एकदा मी बरोबर असताना काम लवकर संपलं, आणि मी गाडी बघू म्हटलं तर आबा स्टँडवर पेपर घेऊन बसूनच राहिले. साताऱ्याची गाडी लागली, आत्ती चढली, खिडकीशी बसली, गाडी निघाली. तेव्हा त्यांनी पेपर घडी केला आणि म्हणाले, "चल." पेपर ते वाचत नव्हते हे मला इतक्या उशिरा दिसलं. तिकडे आत्तीलाही तिचे वकील सांगत असतील की तुमची गरज नाही. तीही येत होती. त्या दोघांना एकमेकांना बघायला दुसरी जागाच उरली नव्हती, आणि तारीख पुढे गेली की मला वाईट वाटायचं आणि त्यांना बहुधा बरं वाटायचं.

मुद्दे काढायच्या आधी कोर्टानं प्रकरण मध्यस्थीला पाठवलं. माझ्या पुस्तकात त्यावर एक आख्खं प्रकरण होतं आणि माझी सगळी आशा त्याच्यावर होती. एका लहान खोलीत टेबलाभोवती सगळे बसले. मध्यस्थ म्हणून नेमलेल्या बाई गोड स्वभावाच्या होत्या. त्यांनी आत्तीला विचारलं, तुम्हाला नेमकं काय हवंय? आत्ती म्हणाली, "नाव. माती मला नगो, त्यालाच कसू दे. मी लिहून देती." बाईंनी आबांकडे पाहिलं. आबांनी वकिलांकडे पाहिलं. वकील हळूच म्हणाले, नाव लागलं की हिस्सा ठरला, आणि तिचे वारस आज खोलीत नाहीत, घाई नको. आबा खाली बघत म्हणाले, "वकील म्हनतील तसं." मध्यस्थी निष्फळ असा शेरा पडला. मी त्या दिवशी आबांशी नाही, वकिलांशी भांडले. ते म्हणाले, "ताई, मी त्यांचं हित बघायला आहे. नातं बघायला मला नेमलेलं नाही."

मग साक्षी. आत्तीचं म्हणणं शपथपत्रावर आधीच दिलेलं होतं, त्या दिवशी नुसता उलटतपास. ती पिंजऱ्यात उभी राहिली, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. आमच्या वकिलांनी विचारलं, "तुमचं लग्न भावानं आणि वडिलांनी करून दिलं, हे खरं का?"

"व्हय."

"तुमची बाळंतपणं माहेरी झाली, खरं का?"

"व्हय. आन् बापू ल्हान हुता तवा मी त्याला..."

न्यायाधीश शांतपणे म्हणाले, "आजी, विचारलंय तेवढंच सांगा."

"बरं."

"भावानं तुम्हाला दरवर्षी धान्य दिलं, खरं का?"

"व्हय. लय दिलं. त्यो देनारच, आमच्या आईनं मरताना त्याला..."

"आजी, तेवढंच."

प्रत्येक 'व्हय'नंतर तिच्या तोंडाशी एक गोष्ट येत होती आणि प्रत्येक वेळी ती परत गिळत होती. कोर्टाचंही चुकत नव्हतं, प्रश्नापुरतं उत्तर हा नियम आहे आणि तो का आहे हे मी वाचलेलं होतं. शेवटी वकिलांनी नेहमीची सूचना घातली: "भावावरच्या रागापोटी तुम्ही खोटा दावा आणला आहे, असं माझं म्हणणं आहे."

आत्तीनं आबांकडे पाहिलं. सरळ, त्या दिवशी पहिल्यांदाच. "राग न्हाई वो सायेब. मी मेल्यावर कुनाला तरी कळाय नगो का, मी कुठली ते."

लेखनिकानं टाइप केलं: हे म्हणणे खरे नाही की मी रागापोटी खोटा दावा केला आहे. एवढंच. बाकीचं प्रश्नात नव्हतं.

परतीच्या गाडीत आबा खिडकीबाहेर बघत बसले. पसरणीच्या बाजूचे डोंगर मागे पडायला लागले तेव्हा म्हणाले, "नाव लावूया तिचं."

मी खरंच ओरडले. गाडीतली माणसं बघायला लागली. म्हटलं, आबा, आत्ता फोन लावते. त्यांनी माझा मोबाईल हातानं खाली केला. "असं न्हाई. कोर्टातलं कोर्टात. फुडच्या तारखेला वकिलास्नी सांगतो, सायबांच्या म्होरं सांगतो. आन् मग तिच्याशी बोलतो." मी खूप सांगितलं. ते म्हणाले, सांगितलंय ना बोलायचं नाही, मग मध्येच कसं बोलायचं. त्यांना वाटत होतं, आता एवढे दिवस पाळलं, शेवटचं एक पाऊल चुकवायला नको. रात्री मी त्यांच्या नकळत आत्तेभावाला फोन लावला. त्यानं आवाज ओळखला आणि म्हणाला, "ताई, राग मानू नगा. आमच्या वकिलांनी बोलू नका म्हनून सांगितलंय." आणि ठेवला. त्यांच्याकडेही तोच हुकूम होता आणि तेही तो पाळत होते.

पुढच्या तारखेला आत्ती आली नाही. तिच्या वकिलांनी मुदत मागितली. आबा नवा सदरा घालून आले होते, त्यांनी आमच्या वकिलांना ठरवलेलं सांगितलं आणि वकील, हे कबूल केलं पाहिजे, मनापासून हसले. म्हणाले, उत्तम, त्या येऊ देत, दोघांच्या सह्या लागतील, एका दिवसात तडजोड लिहू. त्याच्या पुढच्या तारखेलाही ती नव्हती. आबा म्हणाले, उन्हाचं एवढ्या लांबनं कशी येईल म्हातारी. ते स्टँडवर मात्र साताऱ्याची गाडी जाईपर्यंत बसले.

त्यानंतरच्या तारखेला आमचा नंबर पुकारला गेला. आम्ही आत जाऊन मागे उभे राहिलो. आत्तीचे वकील उठले आणि ज्या आवाजात रोज मुदत मागतात त्याच आवाजात म्हणाले, "वादी मयत, साहेब. वारसांना रेकॉर्डवर घेण्याचा अर्ज देतो आहे. थोडा उशीर झालाय, तो माफ होण्याचा अर्ज सोबत आहे."

न्यायाधीश आमच्या वकिलांना म्हणाले, "तुमचं म्हणणं द्या." आणि पुढचा पुकारा झाला.

आबा हलले नाहीत. मला वाटलं त्यांना कळलं नसेल. मी त्यांचा हात धरला तर म्हणाले, "वादी म्हंजे आक्काच ना?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "मयत म्हनला त्यो." मग मी त्यांना बाहेर आणलं.

व्हरांड्यात आत्तेभाऊ उभा होता, डोक्यावरचे केस अजून पुरते न वाढलेले. तीन महिने उलटून गेले होते. तेराव्यालाही आम्ही नव्हतो. आबांनी त्याच्याकडे बघून विचारलं, "कळवलं न्हाईस?"

तो खाली बघत म्हणाला, "कळवनार हुतो मामा. पन तुमी कोर्टाचा कागद घेतला न्हाई, बोलाय गेली तर तोंड फिरवलंसा. मला वाटलं, निरोपबी घ्यायचा न्हाई."

आबा फार हळू म्हणाले, "साडी?"

आमच्याकडे बाई गेली की शेवटची साडी माहेरची लागते. भाऊ घेऊन येतो, म्हातारा असला तरी, कितीही लांबनं. ती अंगावर पडल्याशिवाय उचलत नाहीत.

"बायकांनी इचारलं मला," तो म्हणाला. "माहेरची कुठाय म्हनून. मी गप बसलो. मग थांबून थांबून उचलली."

आबा त्या बाकावर बसले, त्याच टोकाला जिथे आत्ती बसायची, आणि गुडघ्यांवर हात ठेवून समोर बघत राहिले. मला रडू आवरेना. मला त्या क्षणी कोणाचा राग करावा ते कळत नव्हतं आणि सगळ्यांचा येत होता, त्या पुस्तकाचासुद्धा.

आमचे वकील आले. त्यांनी आबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मग त्यांचं काम केलं. म्हणाले, वारस आणायची मुदत टळून गेलेली आहे, आपण हरकत घेऊ शकतो. हरकत टिकली तर दावा आपोआप संपला. आबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते मागे सरले. "हरकत न्हाई म्हनून लिवा," आबा म्हणाले. "उशीर त्या पोराचा न्हाई."

तडजोड एका बैठकीत झाली. आत्तीचा जेवढा हिस्सा निघत होता तेवढा, वर विहिरीकडचा चांगला तुकडा, आबांनी भाच्याला लिहून दिला. भाचा नको नको म्हणत होता. न्यायाधीशांनी आबांना विचारलं, हे तुम्ही राजीखुशीनं करताय ना? आबा म्हणाले, राजी आहे. खुशीचं ते काही बोलले नाहीत. तडजोडीचा हुकूमनामा झाला, मोजणी झाली, दगड रोवले गेले, आणि पुढे फेरफार मंजूर झाल्याचं कळलं.

ते कळल्यावर आबा मला म्हणाले, उतारा बघून येऊ. मी मोबाईलवर दाखवते म्हटलं, तर नको, तलाठ्याकडेच जाऊ. सदरा घातला, दाढी केली. तलाठी तरुण होते, माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचे, अदबीनं वागणारे. त्यांनी उतारा काढून समोर ठेवला. आबांनी चष्मा पुसून घातला आणि वरून खाली बोट फिरवत गेले. स्वतःचं नाव आलं. भाच्याचं आलं. बोट खाली गेलं, परत वर आलं.

"आक्काचं कुठाय?"

तलाठी म्हणाले, "काका, त्यांच्या हिश्श्याला त्यांच्या मुलाचं नाव लागलंय."

"त्ये बरोबर हाय. त्याच्या वर आक्काचं पायजे. दावा तिचा हुता."

"फेरफारात उल्लेख आहे त्यांचा. पण उताऱ्यावर मयत व्यक्तीचं नाव लावता येत नाही. जिवंत माणसाचंच लागतं."

"जिवंत हुती तवाच मागत हुती वो," आबा म्हणाले.

तलाठ्यांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. आबांनी तो घेतला नाही. त्यांनी एकदम माझं मनगट धरलं, घट्ट, आणि मला टेबलाजवळ ओढलं. "मग हिचं लावा. ही लेक माझी. माझं काढा आन् हिचं लावा."

मी म्हटलं, आबा, मला नकोय. खरं तर हवं होतं, आयुष्यभर हवं होतं, पण असं नको होतं. त्यांनी माझं ऐकलं नाही.

"लावता येईल की," तलाठी समजुतीनं म्हणाले. "त्याची पद्धत आहे, काका. आधी दस्त करावा लागेल. मग अर्ज, मग सगळ्यांना नोटिसा. हरकतीला मुदत द्यावी लागते, ती संपली की नोंद मंजूर."

आबांनी माझं मनगट सोडलं नव्हतं. ते त्या पोराएवढ्या माणसापुढे रडत होते.

"मुदत नगो सायेब," ते म्हणाले. "मुदतीत मानसं मरत्यात."